उघडलेली सिलिकॉनची ट्यूब रबर का होते, आणि ते कसं लांबवायचं

बेसिनची कड बंद करायला सिलिकॉन लागतं किती? हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, सिलिकॉन दाबून बाहेर काढायच्या गनमध्ये बसणारी मोठी ट्यूब साधारण २८० मिलिलिटरची असते. कोपऱ्यात ६ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर उंच असा तिरका पट्टा ओढला, तर त्याचा छेद त्रिकोणी, म्हणजे १८ चौरस मिलिमीटर. या मापाने एका ट्यूबमधून १५ मीटरपेक्षा लांब पट्टा निघतो. बेसिनच्या कडेला लागतो जेमतेम दीड मीटर. म्हणजे घरच्या घरी काम करणाऱ्याच्या हातात नव्वद टक्के ट्यूब उरते. ती चिकटपट्टी गुंडाळून माळ्यावर जाते, आणि काही महिन्यांनी खाली येते तेव्हा गनचा दांडा वाकेल पण नोझलमधून काही बाहेर येणार नाही, अशी तिची अवस्था झालेली असते. स्लायडिंगच्या खिडक्या बसवणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याची उघडलेली ट्यूब त्याच दिवशी संपते. हे दुखणं आपल्यासारख्या हौशी माणसांचं.

त्यावर सल्ले भरपूर मिळतात. तोंडात खिळा घाला, टेप लावा, फ्रिजमध्ये ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळा. यातले काही चांगले आहेत, काही निरुपयोगी, आणि शेवटचा तर सिलिकॉनच्या बाबतीत सरळ उलटा. मजा अशी, की तोच सल्ला दुसऱ्या एका ट्यूबसाठी अगदी बरोबर आहे. कुठला कुठे लागू होतो हे कळायला ट्यूबच्या आत काय चालतं ते आधी बघायला हवं.

सिलिकॉनला पाणी लागतं

भिंतीचा रंग वाळतो तेव्हा त्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं आणि घन भाग मागे राहतो. सिलिकॉनचं तसं नाही. त्यातून उडून जाण्यासारखं फारच थोडं असतं. ट्यूबमध्ये असतात सिलिकॉन याच नावाच्या मूलद्रव्याचे आणि ऑक्सिजनचे अणू आलटून पालटून जोडून बनलेल्या लांबच लांब साखळ्या, त्यांना दाटपणा देणारी सिलिकाची अतिशय बारीक भुकटी, आणि या साखळ्या एकमेकींना बांधणारं एक रसायन. हे बांधणारं रसायन कारखान्यातच त्यात मिसळलेलं असतं, पण त्याचे हात झाकलेले असतात. हवेतला पाण्याचा रेणू येऊन भिडला की एक झाकण गळतं, हात मोकळा होतो आणि शेजारच्या साखळीला धरतो. असंख्य साखळ्या अशा बांधल्या गेल्या की लगद्याचं रबर होतं. ही वाट एकेरी आहे. थिनर, रॉकेल, गरम पाणी, काहीही केलं तरी त्या रबराचा पुन्हा लगदा होत नाही.

ते गळालेलं झाकण म्हणजेच सिलिकॉन मारल्यावर घरभर पसरणारा तो व्हिनेगरचा वास. साध्या, स्वस्त सिलिकॉनमधून अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर पडतं, आणि व्हिनेगरमध्ये असतं तेही तेच. ज्या ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं असतं तिच्यात झाकणाला दुसरं रसायन वापरलेलं असतं. काहींतून अल्कोहोल सुटतं, काहींतून ऑक्झिम जातीचं संयुग. झाकण कुठलंही असो, ते काढायला पाणी लागतं.

तेव्हा उघड्या ट्यूबचा वैरी हवा नव्हे, हवेतली वाफ आहे. कोरड्या ठणठणीत हवेत सिलिकॉन बराच काळ मऊ राहील. आपल्याकडे अशी हवा सगळीकडे आणि बाराही महिने मिळत नाही, ही अडचण.

कोकणातला जुलै आणि ट्यूबवरचे आकडे

ट्यूबच्या माहितीपत्रकात बहुधा असं लिहिलेलं असतं: २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना २४ तासांत दोन ते तीन मिलिमीटर खोलीपर्यंत पक्कं होतं. या हवेत दर घनमीटरला सुमारे १० ग्रॅम पाण्याची वाफ असते. आता रत्नागिरी किंवा मुंबईचा जुलै घ्या. तापमान २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के. तिथे तीच वाफ २२ ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे दुपटीहून जास्त. उलट नागपुरात मे महिन्यात पारा ४२ वर आणि आर्द्रता २० टक्क्यांवर असेल, तर वाफ सुमारे ११ ग्रॅमच. तळपत्या उन्हात ट्यूब लवकर गोठेल असं वाटतं, आणि उष्णतेने रासायनिक क्रिया थोडी वेग घेते हे खरंच. पण वाफेचा पुरवठा पाहिला तर कोकणातला पावसाळा विदर्भातल्या उन्हाळ्यापेक्षा जास्त घातक.

आणि आपली सवय काय? पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस, खिडकीच्या चौकटीतली गळती बंद करायला ट्यूब आणायची, थोडी वापरायची आणि उरलेली ठेवून द्यायची. म्हणजे उघडी ट्यूब वर्षातले सगळ्यात ओले चार महिने काढते. दुसरं टोक असं, की दिवाळीच्या साफसफाईत ती सापडते आणि तेव्हाच उपयोगी पडायला हवी असते.

पहिला दिवस महाग, पुढचे स्वस्त

आता एक गोष्ट अशी, जी कळली की निम्मे सल्ले आपोआप चाळले जातात. सिलिकॉन बाहेरून आत पक्कं होत जातं. सर्वांत आधी पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. साध्या सिलिकॉनला त्याला दहा-वीस मिनिटं पुरतात. त्यानंतर आतल्या लगद्यापर्यंत पोचायचं तर वाफेला त्या पापुद्र्यातूनच झिरपावं लागतं. पापुद्रा जाड होत जातो तशी वाट लांबत जाते आणि वेग मंदावतो. गणिताच्या भाषेत, पक्क्या थराची जाडी दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या दिवशी अडीच मिलिमीटर होत असेल, तर चार दिवसांत पाच, सोळा दिवसांत दहा, आणि शंभर दिवसांत पंचवीस. कोकणच्या पावसाळ्यात वाफ दुप्पट धरली तरी जाडी दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होते, म्हणजे शंभर दिवसांत पस्तीस मिलिमीटर.

नोझल असतं सात-आठ सेंटिमीटर लांब. म्हणजे नोझल सिलिकॉनने गच्च भरलेलं असेल, तर टोकाला तयार होणारं रबर हेच बूच होतं आणि कागदावरच्या हिशेबाने सबंध पावसाळ्यात ते नोझलच्या निम्म्याच्या आसपासच पोचतं. ट्यूब आतून शाबूत राहते. गमावतो ते फक्त नोझलमधलं चमचाभर सिलिकॉन.

मग प्रत्यक्षात ट्यूबा का वाया जातात? कारण हिशेबात गृहीत धरलेल्या गोष्टी आपण पाळत नाही. नोझल बुडाशी, जाड भागात कापलं की वाट आखूड आणि रुंद होते. काम झाल्यावर लोक काटकसर म्हणून नोझलमधलं सिलिकॉन काडीने कोरून वापरतात. आतली पोकळी हवेने भरते आणि पापुद्रा थेट ट्यूबच्या तोंडाशी धरतो. नोझलचे आटे सैल असतील तर वाफ तिथून आत शिरते. आणि एक वाट आपल्याला दिसतच नाही, ती म्हणजे ट्यूबचं बूड. तिथे सरकणारी प्लास्टिकची चकती असते. तोंडाशी बूच बसलेलं असताना गनचा घोडा जोर लावून ओढला, तर दाबाने सिलिकॉन त्या चकतीच्या कडेने मागे येतं. एकदा ते झालं की ट्यूब दोन्ही बाजूंनी उघडी पडली असं समजा.

मग करायचं काय

सुरुवात कापण्यापासून. नोझल टोकाकडेच, हवं तेवढंच, तिरकं कापावं. चार-पाच मिलिमीटरच्या फटीसाठी त्याच मापाचं छिद्र पुरतं. मोठं छिद्र पाडल्याने काम लवकर होतं हा गैरसमज आहे. पसारा तेवढा वाढतो.

काम संपलं की गनच्या मागची पत्री अंगठ्याने दाबून दांड्याचा ताण सोडावा, नाहीतर सिलिकॉन रात्रभर टिपकत राहतं. पण त्याआधी एकदा हलकासा दाब देऊन नोझलच्या टोकातून बोटाच्या पेराएवढं सिलिकॉन मुद्दाम बाहेर येऊ द्यावं आणि तसंच राहू द्यावं. दिसायला घाणेरडं दिसतं, पण यापेक्षा स्वस्त बूच नाही. दुसऱ्या दिवशी ते शेपूट रबर झालेलं असतं. पुढच्या वेळी ते पकडीने धरून सावकाश ओढलं, तर नोझलमधला गाभाही त्याच्या मागोमाग बाहेर येतो, कारण सिलिकॉन नोझलच्या पॉलिथिलीनला नीट चिकटत नाही. काचेला, टाइलला जन्मभर धरून बसणारी ही वस्तू स्वतःच्या ट्यूबला मात्र धरत नाही, हे आपलं नशीब.

महिना-दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर स्क्रू बरा. खिळा नव्हे, स्क्रू, कारण त्याचे आटे गाभ्याला पकडतात आणि नंतर ओढताना गाभा अखंड येतो. लांब, जाड आट्यांचा, छिद्रात घट्ट बसणारा घ्यावा. धातूतून वाफ जात नाही, सिलिकॉन रबरातून मात्र ती पॉलिथिलीनपेक्षा कित्येक पटींनी सहज जाते; म्हणून स्क्रूने वाट खरोखरच अरुंद होते. व्हिनेगरचा वास येणाऱ्या सिलिकॉनमध्ये साधा लोखंडी स्क्रू गंजतो, कारण ते आम्लच आहे. स्टेनलेस स्टीलचा वापरा, नाहीतर त्याला पेट्रोलियम जेली चोपडा. जेली लावली असेल तर पुढच्या वेळी पहिलं थोडं सिलिकॉन कागदावर काढून टाकायचं. तेलकट सिलिकॉन टाइलला धरत नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगली युक्ती मात्र नोझलच्या टोकाशी नाहीच, बुडाशी आहे. नोझल आट्यांचं असतं, ते फिरवून काढता येतं. ते काढून ट्यूबच्या तोंडावरचा लगदा पुसून सपाट करायचा, त्यावर जाड पॉलिथिनच्या पिशवीचा दुहेरी चौकोन ताणून ठेवायचा आणि त्याच्यावरून नोझल पुन्हा घट्ट फिरवायचं. प्लास्टिक आट्यांत दाबलं जातं आणि फट बुजते. नोझलमधलं सिलिकॉन पुढे केव्हाही पूर्ण गोठू दे. गोठल्यावर तो दांडा आतून उपसून नोझल पुन्हा वापरता येतं. जादा नोझल दुकानात मिळत असतील तर दोन घेऊन ठेवलेली बरी.

नुसत्या चिकटपट्टीवर माझा फार विश्वास नाही. पारदर्शक टेप नोझलच्या निमुळत्या टोकावर सुरकुत्या पडून बसते आणि सुरकुती म्हणजे वाफेला उघडा दरवाजा. टेपच वापरायची तर अ‍ॅल्युमिनियमची, धातूच्या पातळ पत्र्याची, बोटाने दाबून चपटी केलेली.

यानंतर ट्यूब ठेवायची जागा. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. बुटांच्या खोक्यांतून, औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या पुड्या चालतात, पण त्या बहुधा आधीच पाणी पिऊन तृप्त असतात. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तासदोन तास तापवल्या तर मोकळे दाणे पुन्हा कोरडे होतात. कागदी-प्लास्टिकच्या पुड्या फोडून दाणेच तापवावेत. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात, ही सोय आहे, पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचं विषारी मीठ असतं. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते नकोत. डब्यात तांदूळ टाकण्याचा सल्लाही ऐकू येतो; मुंबईच्या हवेत उघडे राहिलेले तांदूळ स्वतःच ओलसर असतात, ते काय पाणी शोषणार?

आणि फ्रिज? थंडीत क्रिया मंदावते, वाफही कमी, त्यामुळे तत्त्वतः बरोबर. घोळ बाहेर काढल्यावर होतो. गार ट्यूब दमट हवेत उघडली की तिच्यावर दव धरतं आणि आपण ज्याला टाळत होतो ते पाणी थेंबाच्या रूपाने तोंडाशी हजर होतं. ठेवायचीच तर घट्ट पिशवीत, आणि पिशवी न उघडता तास-दोन तास बाहेर ठेवून मगच वापरायची. शिवाय खाण्याच्या वस्तूंशेजारी रसायनाची ट्यूब, घरात लहान मुलं असतील तर आणखीच वाईट. साध्या सिलिकॉनसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. सुका डबा पुरेसा आहे.

ओलं फडकं कुणासाठी

रंगकाम करणारे भिंतीतल्या बारीक चिरा, चौकट आणि भिंत यांमधली फट बुजवायला जे पांढरं ‘अ‍ॅक्रिलिक’ वापरतात, ते दिसायला सिलिकॉनसारखंच, ट्यूबही तशीच. स्वभाव नेमका उलटा. त्यात पाणी आधीपासून असतं. अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की थेंब एकमेकांत मिसळून घट्ट पट्टा होतो. म्हणजे सिलिकॉनच्या ट्यूबमध्ये पाणी शिरू द्यायचं नाही आणि अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबमधलं पाणी जाऊ द्यायचं नाही.

ओळखायला सोपं आहे. ट्यूबवर ‘ओल्या फडक्याने पुसा’, ‘वर रंग देता येतो’ असं लिहिलेलं असेल, तर ती पाण्याची. या ट्यूबच्या टोकाला ओल्या कापसाचा बोळा लावून वर प्लास्टिक आणि रबर बँड लावला तर ती छान टिकते. हवाबंद पिशवीत ओल्या फडक्यासकट ठेवली तरी चालते. सिलिका जेल इथे शत्रू. फ्रीजरही, कारण बर्फ झालं की तरंगते थेंब फुटून गोळा होतात आणि वितळल्यावर दह्यातलं पाणी सुटावं तसं ते वेगळं होऊन बसतं. डब्यातली क्रॅक फिलरची पेस्ट असेल तर झाकण लावण्याआधी पेस्टच्या अंगालगत प्लास्टिकचा तुकडा दाबून बसवा, मधे हवा राहायला नको.

पॉलियुरेथेनचं सीलंट पुन्हा सिलिकॉनच्या गोटातलं. तेही वाफेनेच पक्कं होतं, आणि पाण्याशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून अर्धवट खराब झालेल्या ट्यूबमधून कधीकधी बुडबुडे असलेला पट्टा निघतो. ते इतकं संवेदनशील असतं, की बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये किंवा ६०० मिलिलिटरच्या फॉइलच्या नळीसारख्या पाकिटात विकलं जातं. फॉइलचं पाकीट एकदा कापलं की घरच्या माणसाने ते टिकवण्याच्या भानगडीत पडू नये. फेविक्विकसारखे झटपट चिकटवणारे डिंकही पाण्याच्या लवलेशाने गोठतात. तिथे न उघडलेली ट्यूब फ्रिजमध्ये ठेवणं खरंच फायद्याचं असतं. एम-सीलला यातलं काहीच लागू नाही. तिथे दोन भाग वेगळे असतात आणि हाताने मळेपर्यंत ते एकमेकांना भेटतच नाहीत.

गोठलेली नव्हे, अर्धवट बिघडलेली ट्यूब जास्त फसवते

पूर्ण गोठलेली ट्यूब प्रामाणिक असते, ती बाहेरच येत नाही. खरी फसवणूक करते ती जुनी, लगदा अजून मऊ असलेली. पॉलिथिलीनची भिंतसुद्धा वाफ पूर्ण अडवत नाही. म्हणून तर न उघडलेल्या ट्यूबवरही मुदत छापलेली असते. वर्षभरात झिरपत आलेल्या पाण्याने जोडणारं रसायन थोडं थोडं खर्च होतं. अशा ट्यूबमधला पट्टा ओढताना व्यवस्थित दिसतो, पण आठवडाभर चिकट राहतो, किंवा रबर होतो पण टाइलला धरत नाही, आणि नखाने उचलला की अख्खा निघतो. त्याच्यामागे पाणी शिरून काळी बुरशी धरेपर्यंत आपल्याला कळतही नाही. आणि नवं सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही, त्यामुळे सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं.

म्हणून ठेवणीतली ट्यूब कामाला घेण्याआधी परीक्षा घ्यावी. एका टाइलच्या किंवा काचेच्या स्वच्छ तुकड्यावर पेन्सिलीएवढा जाड पट्टा काढावा. व्हिनेगरच्या वासाच्या सिलिकॉनवर अर्ध्या तासात पापुद्रा धरायला हवा. न्यूट्रलला थोडा जास्त वेळ द्यावा. दुसऱ्या दिवशी पट्टा बोटाने ढकलून बघावा. टाइलला चिकटून ताणला गेला तर ट्यूब चांगली. सोलून निघाला, आतून गुठळ्या लागल्या किंवा अजून चिकचिक असेल, तर ती ट्यूब टाकून द्यावी. बाथरूममधल्या सांध्यासाठी तरी तिच्यावर नवा दिवस खर्च करू नये.

परीक्षेत पास झालेली ट्यूब कुठेही चालेल असंही नाही. उरलेलं सिलिकॉन संपवायच्या नादात ते नको तिथे लागतं. आम्ल सोडणारं सिलिकॉन संगमरवर, कोटा आणि कडप्पा यांना बाधतं, कारण या सगळ्या दगडांत चुन्याचा अंश भरपूर असतो. कडप्प्याच्या ओट्याला न्यूट्रलच हवं. आरशाच्या मागच्या लेपालाही तोच नियम. आणि बाथरूमसाठी आणलेल्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक मिसळलेलं असतं, ते माशांना बाधू शकतं. माशांच्या टाकीचा सांधा गळत असेल, तर माळ्यावर कितीही सुस्थितीतली अर्धी ट्यूब असली तरी टाकीसाठी वेगळी, मत्स्यालयासाठी म्हणून विकली जाणारी छोटी ट्यूबच आणावी.